चेक, चेक आणि चेक: एका इंग्रजी शब्दाची उलटतपासणी

उंटाची चाल

गेल्या शनिवारी सकाळी आईचा फोन. "अगं, बाबांच्या चेक्सच्या शर्टाच्या खिशात सोसायटीचा चेक राहिलाय. नीट चेक कर आणि आजच टाकून ये."

शर्ट दारामागच्या खुंटीला होता. चेक चेक केला. बाबांनी तारखेत साल मागचंच घातलं होतं. जानेवारीत निम्मी जनता हेच करते. नवीन लिहून घेतला आणि बँकेत गेले. रांगेत माझ्यापुढे अकरा माणसं होती. त्या अकरा माणसांमुळे हा धागा निघतोय.

आईच्या त्या वाक्यात चेक तीनदा आला, तीन वेगळ्या अर्थांनी: कापडावरचे चौकोन, पैशाचा कागद आणि तपासणं. वेगवेगळ्या गावचे तीन शब्द योगायोगाने सारखे दिसायला लागले, की एकच शब्द तीन घरी नांदतोय? घरी येऊन दोन दिवस कोश चाळले. शब्द एकच निघाला, आणि त्याचं माहेर बुद्धिबळाच्या पटावर आहे.

फारसीत राजाला शाह म्हणतात. खेळताना समोरच्याच्या राजावर रोख धरला की "शाह!" असं मोठ्याने सांगायचं, म्हणजे बाबा रे, तुझा राजा सांभाळ. हा खेळ इराणातून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपात गेला, तेव्हा ही आरोळीही बरोबर गेली. लॅटिन लिहिणाऱ्यांकडे 'श'साठी अक्षरच नव्हतं. त्यांनी त्याचा 'स्काकुस' केला. जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्चेक' झालं. इंग्रजांनी पुढचा 'एस' गाळला आणि साधारण १३०० च्या आसपास इंग्रजीत 'चेक' आला. तेव्हा त्याला एकच अर्थ होता: राजाला शह.

आता मराठीकडे बघा. आपला 'शह' त्याच 'शाह'चा मुलगा. तो थेट फारसीतून आला, म्हणून चेहरा फारसा बदलला नाही. इंग्रजांचा चेक अर्धं जग हिंडून, नाव बदलून, कोट-टोपी घालून आपल्या बँकेत येऊन बसला. सख्खे भाऊ एकमेकांना ओळखत नाहीत, असा हा प्रकार.

'चेस' हा शब्दही यातलाच. एस्चेकचं अनेकवचन 'एस्चेस', त्याचं चेस. म्हणजे इंग्रज ज्याला चेस म्हणतात त्याचा शब्दशः अर्थ 'बरेच शह'. फ्रेंचांनी 'एशेक' ठेवला आणि त्याला आणखी एक अर्थ दिला: अपयश. तिथे परीक्षेत नापास झालात तरी एशेकच. राजा अडकला, तुम्हीही अडकलात.

इंग्रजीत पुढचा प्रवास असा दिसतो. राजाला शह लागला की हातातलं सगळं सोडून आधी तो निवारावा लागतो. म्हणून चेक म्हणजे अचानक बसलेला अडथळा. अडथळा म्हणून लगाम, वचक. ज्याच्यावर वचक ठेवायचा त्याचा हिशोब पडताळावा लागतो, म्हणून चेक म्हणजे पडताळणी. हा अर्थ बऱ्याच उशिरा, सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळला. आपण मात्र आज हाच सगळ्यात जास्त वापरतो. गॅस बंद आहे का चेक कर, मेल चेक कर, शुगर चेक कर.

पैशाच्या चेकपर्यंत आले आणि तिथे माझी गाडी जरा अडली. इथे बँकेतली मंडळी आहेत, त्यांनी पुढे ओढावी.

फुकट सल्लागार

चेक प्रजासत्ताक राहिलं की हो! तिथला राजा कुठल्या पटावर?

उंटाची चाल

मलाही तोच प्रश्न पडला होता. काही संबंध नाही. ते त्या लोकांचं स्वतःचं नाव आहे, आणि इंग्रजीतलं स्पेलिंग पोलिश वळणाचं आहे. सी-झेड-ई-सी-एच. कानाला सारखं, बाकी अनोळखी.

निवृत्त रोखपाल

धागा आवडला. एकतीस वर्षं काउंटरच्या आत बसलो, त्या हक्काने थोडं.

तुमची गाडी जिथे अडली तिथे एक मजेदार उलटापालट आहे. इंग्रजीत आधी 'चेक' म्हणत ते पैशाच्या कागदाला नव्हे, त्याच्या स्थळप्रतीला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी खजिन्याच्या हुंड्या निघत, त्यांची एक बाजू कार्यालयात ठेवून घेत. उद्या कोणी खोटी हुंडी घेऊन आला किंवा आकडा फिरवून आला, तर ठेवलेल्या तुकड्याशी ताडून बघायची. ताडून बघायचं साधन, म्हणून त्या तुकड्याचं नाव चेक. मग असा तुकडा असलेल्या कुठल्याही कागदाला चेक म्हणायला लागले आणि शेवटी नाव चिकटलं ते फाडून द्यायच्या अर्ध्यालाच.

म्हणजे मूळ हिशोबाने बघितलं तर आपण फाडून देतो तो चेक नव्हे. चेकबुकात उरतो तो चेक. आणि तोच आपण कधी भरत नाही! "काका, मागच्या महिन्यात कोणाला किती दिले आठवत नाही हो," असं म्हणत लोक काउंटरवर यायचे. मी म्हणायचो, स्थळप्रत बघा. ती कोरी.

सी-एच-ई-क्यू-यू-ई हे स्पेलिंग नंतरचं आहे. खजिन्याच्या खात्याचं नाव एक्सचेकर, त्याची छाया पडून 'सी-के'चं 'क्यू-यू-ई' झालं असं मानतात. अमेरिकेने ते उचललं नाही.

आता आपल्याकडचं. आपण 'चेक वटला' म्हणतो ना, ते क्रियापद चेकचं नाहीच, हुंडीचं आहे. हुंडी वटायची, हुंडीवर वटाव कापला जायचा. चेक आला तेव्हा नवं क्रियापद शोधायची कोणाला गरज पडली नाही. हुंडीचा सदरा चेकला घातला आणि तो मापात बसला. 'धनादेश' फक्त छापील फॉर्मवर. एकतीस वर्षांत "माझा धनादेश वटला का?" असं विचारणारा एकच गृहस्थ भेटला, ते मराठीचे मास्तर होते.

(तारीख चुकली ते वेळीच पाहिलंत हे उत्तम. १ एप्रिल २०१२ पासून चेक तारखेपासून तीनच महिने चालतो, आधी सहा चालायचा. मागच्या वर्षीच्या जानेवारीची तारीख घातलेला चेक म्हणजे नुसता कागद.)

उंटाची चाल

काका, "उरतो तो चेक" हे जबरदस्त आहे. मी आजच चेकबुक उघडून बघितलं. एकवीस स्थळप्रती, त्यातल्या भरलेल्या दोन. दोन्ही बाबांच्या अक्षरात.

गोठलेला डोंबिवलीकर

काकांच्या या स्थळप्रतीच्या अर्थाने आमच्या इकडचे (न्यू जर्सी) बरेच घोळ सुटले.

इथे हॉटेलात बिल मागताना "चेक प्लीज" म्हणतात. नवा आलो तेव्हा मला वाटलं, हे लोक इडली खाऊन चेकने पैसे देतात की काय. कोट टांगायला दिला की बिल्ला मिळतो, तो कोट चेक. विमानात सामान आत सोडलं की चेक्ड बॅग, आणि हातात येतो तो परत कागदाचा तुकडाच. सगळीकडे तत्त्व तेच: वस्तू तुमच्याकडे, पुरावा माझ्याकडे, नंतर दोन्ही जुळवून बघू. आपण बरोबरची खूण करतो तिला हे 'चेक मार्क' म्हणतात. टिक म्हटलं की यांना गोचीड आठवते.

आणि 'रेन चेक'. कोणी जेवायला बोलावलं आणि जमणार नसेल तर म्हणतात, मी रेन चेक घेतो. म्हणजे आज नाही, पुन्हा कधीतरी. हे आलं बेसबॉलमधून. १८८० च्या दशकात पावसाने सामना धुतला गेला की प्रेक्षकांना पुढच्या सामन्याला चालणारा तिकिटाचा तुकडा देत, तो रेन चेक. आपल्याकडे अशी पद्धत पाडली तर जुलैत कोणी कोणाकडे जेवायलाच जाणार नाही.

बिल आणि बँकेचा कागद, दोन्हीचं स्पेलिंग इथे एकच. त्यामुळे "आय गॉट द चेक" म्हणजे पैसे आले की पैसे द्यायचेत, हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून ठरवायचं.

थेम्सकाठ

एक्सचेकरचं नाव निघालंच आहे तर ते नुसतं स्पेलिंगपुरतं सोडू नका. खरी गंमत त्या टेबलात आहे, आणि कापडावरचे चेक्सही तिथूनच समजतात.

बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्चेकिये' म्हणत. त्यावरून इंग्रजीत चेकर म्हणजे पट, आणि पटासारखे चौकोन असलेलं काहीही चेकर्ड. त्याचं आखूड रूप चेक, म्हणजे बाबांचा शर्ट. इतकं सरळ.

आता खजिना. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे महसूल गोळा करणारे अधिकारी, शेरीफ, वर्षातून दोनदा हिशोब द्यायला येत. ईस्टरला थोडी रक्कम भरायची आणि सप्टेंबरअखेर मायकेलमसला पक्का हिशोब. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकात या सगळ्या कारभाराचं गुरुशिष्य संवादाच्या रूपात वर्णन लिहून ठेवलंय. त्यात टेबलाचं मापही आहे. सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून चार बोटं उंच काठ. वर काळं कापड, त्यावर वितीवितीच्या अंतरावर रेघा. एका उभ्या रकान्यात पेनी, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, मग विसा, शेकडे, हजार. राजाची माणसं देय रकमेच्या सोंगट्या मांडणार, खाली शेरीफने भरलेल्या रकमेच्या. मग उणे करत जायचं.

हे कागदावर का नाही केलं? कारण रोमन आकड्यांत वजाबाकी करून दाखवा एकदा. शून्य नाही, स्थानाची किंमत नाही. मग ती किंमत कापडावरच्या रेघांनी दिली. आपल्याकडे एकं दहं शतं आकड्यातच होतं, त्यांना ते टेबलावर अंथरावं लागलं.

दोन बाजूंना दोन पक्ष, मध्ये रेघांचं कापड, सोंगट्या सरकताहेत आणि शेरीफला घाम फुटलाय. बघणाऱ्याला तो बुद्धिबळाचा डाव वाटणारच. फिट्झनीलही नावाचं कारण सांगताना तीच उपमा देतो, हाही एक सामनाच आहे म्हणून. टेबलाचं नाव खात्याला पडलं. इथला अर्थमंत्री आजही चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर, म्हणजे पटाचा अधिकारी!

आणि काकांच्या स्थळप्रतीचा आजोबाही याच खात्यातला. पैसे भरले की पावती म्हणून लाकडाची काठी मिळायची, टॅली. तिच्यावर खाचा. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी, एका पौंडाची जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. दोन्ही तुकड्यांवर खाचा सारख्या आणि लाकडाची शीरही तीच, त्यामुळे खोटा तुकडा जुळणं अशक्य. मोठा तुकडा 'स्टॉक', तो पैसे देणाऱ्याकडे. छोटा 'फॉइल', तो खात्याकडे. चेकबुकातलं 'काउंटरफॉइल' त्या फॉइलवरून आलं.

ही पद्धत त्यांनी एकोणिसाव्या शतकापर्यंत ओढली. मग बंद केली आणि साठलेल्या काठ्या १८३४ च्या ऑक्टोबरात पार्लमेंटच्या तळघरातल्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या. दिवसभर कोंबत राहिले. संध्याकाळी धुराडी पेटली आणि पार्लमेंट जळून खाक झालं. जुना हिशोब नष्ट करायला गेले की काय होतं बघा.

निवृत्त रोखपाल

आमच्या वेळी जुन्या व्हाउचरची पोती गच्चीवर जाळायचे. मी नेहमी लांब उभा राहायचो. आता कारण कळलं.

वऱ्हाडी ठेचा

मले एक सांगा, शाह म्हणजे राजा, मंग आपले शहाणा, शहामृग, शहाजी, छत्रपती हे सारे त्या शाहच्याच घरचे का? आमच्या गावात एक गुरुजी होते, ते तं असंच सांगत. शहाणा म्हणजे शहासारखा.

व्युत्पत्तीची विहीर

गुरुजींचा मान राखून, चारातला एकच त्या घरचा.

शहाणा संस्कृत 'सज्ञान'वरून प्राकृतातून आलाय. हिंदीतला सयाना त्याचा भाऊ. राजाबिजा काही नाही, नुसतं ज्ञान. (आणि ते किती असतं हे 'दीडशहाणा'वरून ठरवा.)

शहामृगात शाहही नाही आणि मृगही नाही. फारसी शब्द 'शुतुरमुर्ग'. शुतुर म्हणजे उंट, मुर्ग म्हणजे पक्षी. उंटपक्षी. मराठी कानाला काही कळेना, मग ओळखीचे दोन शब्द त्यात बसवले आणि पक्ष्याचा हरणांचा राजा केला. धागाकर्तीच्या नावात उंट आहे म्हणून हे खास तिला अर्पण.

शहाजी मात्र नक्की शाहवाला. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ या पीराला नवस केला, दोन मुलगे झाले, त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे.

छत्रपतीतलं छत्र म्हणजे छत्री, राजाच्या डोक्यावरची. धातू 'छद्', झाकणे. इथे लोक हमखास घसरतात, कारण शेजारी 'क्षत्र' उभा असतो. 'क्षत्र' हा खरोखर शाहचा नातेवाईक आहे, आणि फार जुना.

दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या इराणी शिलालेखांत राजाला 'क्षायथिय' म्हणतात. तोच घासत घासत शाह झाला. त्यातला सत्ता गाजवण्याचा जो धातू आहे, तोच वेदातल्या 'क्षत्र'मध्ये आहे. क्षत्र म्हणजे सत्ता, त्यावरून क्षत्रिय. म्हणजे नात्याची शिडी अशी लागते: क्षत्रिय आणि शाह चुलत, शाहची मुलं शह आणि चेक. दुकानदार "चेक चालणार नाही" असं लिहितो तेव्हा तो एका क्षत्रियाच्या पुतण्याला दारातून हाकलतो.

उंटाची चाल

म्हणजे खेळ इथला, चतुरंग. तो इराणात जाऊन चत्रंग झाला, अरबांत शतरंज. आणि त्यातल्या राजाचं नावही शेवटी आपल्या क्षत्राच्या चुलतघरातलं! मी रांगेत उभी होते ते सार्थकी लागलं.

एक विचारायचं होतं. 'शाह मात'मधला मात म्हणजे 'मेला' की 'हरला'? दोन्ही वाचलं.

व्युत्पत्तीची विहीर

अरबीत 'माता' म्हणजे मेला, म्हणून "राजा मेला" हे भाषांतर सगळीकडे पसरलं. पण फारसीत 'मात' म्हणजे हतबल, थिजलेला, पुढे काय करावं ते न सुचलेला. मला दुसरं पटतं, कारण बुद्धिबळात राजा कधी मरतच नाही. त्याला मारून पटाबाहेर काढत नाहीत. तो तिथेच उभा असतो, हलायला जागा नसते. मराठीनेही हाच अर्थ उचललाय. संकटावर मात केली म्हणतो, तेव्हा संकट ठार झालं असं कोणाला म्हणायचं नसतं.

आणि हिंदीवाल्यांपासून सावध. हिंदीत 'शह देना' म्हणजे फूस लावणं, चढवणं. "तूने ही उसे शह दी है." मराठीत शह देणं म्हणजे समोरच्याला अडवणं. एकाच्या भाषेतला पाठीराखा दुसऱ्याच्या भाषेत शत्रू. बातम्यांच्या भाषांतरात हा घोळ मी स्वतः पाहिलाय. वाक्याचा अर्थ नेमका उलटा झाला होता.

आजोळची सुई

आमचं घरचं शिवणकाम, त्यामुळे मी कापडापुरतं.

शिंप्याच्या तोंडी चेक्स, पण आजीच्या तोंडी 'चौकडा'. चौकड्याचं लुगडं. चेक्स अनेकवचनीच, एक चेक कधी कोणी म्हणत नाही. मोठ्या चेक्सच्या शर्टाला कापड जास्त लागतं. गिऱ्हाइकाला वाटतं शिंपी ढापतोय. पण खिशाचा चौकोन छातीच्या चौकोनाला जुळला पाहिजे, पुढच्या दोन्ही पट्ट्या जुळल्या पाहिजेत, बगलेतही रेघ तुटता कामा नये. त्या जुळवाजुळवीत कापड वाया जातं. बारीक चेक्सला कोणी बघत नाही.

वरचं वाचून वाटलं, हे तर काकांच्या स्थळप्रतीसारखंच. दोन तुकडे जुळतात का बघायचं.

आणि एक. इंग्रजांना चौकोन बघून राजाचा खेळ आठवला. आम्हाला नुसते चार कोपरे दिसले. चौकडा, चौकट, चौकडी, सगळीकडे चार. पण उंटताईंनी वर लिहिलंय की बुद्धिबळाचं जुनं नाव चतुरंग, म्हणजे चार अंगांची सेना. फिरून तेही चारच!

म्हापशेकार

पोर्तुगीजांनी हाच शब्द दोन दारांनी आत घेतला, ते सांगतो. बुद्धिबळाला पोर्तुगीजमध्ये 'शाद्रेश' म्हणतात, तो अरबी शतरंजवरून, म्हणजे मूळ आपल्या चतुरंगाचा. आणि चेक्सच्या कापडालाही शाद्रेशच! म्हणजे सुईताईंच्या चौकड्याला तिकडे थेट चतुरंगाचं नाव आहे. ब्राझीलमध्ये बोलीत तुरुंगालाही तेच म्हणतात. गजांच्या चौकोनांवरून असावं, हा आपला माझा अंदाज.

शहाला मात्र 'शेक', आणि अरबी शेखलाही 'शेक'च. दोन्हींचं स्पेलिंगही एक. शेख आणि शाह यांचा तसा काही संबंध नाही. शेख म्हणजे मूळ अर्थाने वयाने मोठा माणूस. पण पोर्तुगीजमध्ये दोघे एकाच खुर्चीवर बसलेत.

फुकट सल्लागार

क्रिकेट कोणीच काढलं नाही म्हणून मी काढतो. 'चेक्ड ड्राइव्ह'. बॅट चेंडूला लावायची आणि तिथेच थांबवायची, पुढे फिरवायची नाही. सचिनचा सरळ ड्राइव्ह आठवा. हा सगळ्यात जुना, थांबवण्याचा अर्थ ना?

आणि मुलुंड चेकनाका, दहिसर चेकनाका. तिथे थांबवतातही आणि तपासतातही, म्हणजे दोन अर्थ एका खांबाला. जकात १ जुलै २०१७ ला गेली, पण रिक्षावाल्याला अजून चेकनाकाच सांगावं लागतं.

उंटाची चाल

ड्राइव्ह एकदम बरोबर. चेकनाका त्याहून भारी. नाका म्हणजेच अडवायची जागा, त्याला परत चेक लावला. लेडीज बायकांसारखं.

मी 'क्रॉस चेक'वर अडकलेय. काका, चेकवर कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारतो तो क्रॉस चेक, आणि ऑफिसात "जरा क्रॉस चेक कर" म्हणतात तो वेगळा ना?

निवृत्त रोखपाल

वेगळा. पहिल्यात क्रॉस म्हणजे रेघा, रोख मिळणार नाही, खात्यातच जमा होणार. आपल्या १८८१ च्या कायद्यात (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, चेक-हुंड्यांचा कायदा) कलम १२३ ला त्याची व्याख्या आहे. दुसऱ्यात क्रॉस म्हणजे दुसऱ्या बाजूने. आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका पोराला साहेबांनी सांगितलं, "हे सगळे क्रॉस चेक कर." त्याने चाळीस चेकवर इमानेइतबारे रेघा मारल्या. त्यात एक सेल्फचा होता, आणि तो गृहस्थ बाहेर रोख घ्यायला उभा.

'बाउन्स' राहिलं. चेक न वटता परत येणं हा १ एप्रिल १९८९ पासून गुन्हा आहे, त्याच कायद्यातलं कलम १३८. आता शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा शह कोणाला बसतो ते लक्षात ठेवून सही करा.

गोदाकाठ

विहीरदादांनी क्षत्राचं नाव काढलं आणि थांबले. त्यांनी थांबायला नको होतं, कारण पुढचा शब्द आमच्या नाशकात दगडात कोरलेला आहे.

प्रांतावर नेमलेल्या अधिकाऱ्याला जुन्या इराणीत 'क्षत्राचा राखणदार' अशा अर्थाचा शब्द होता. ग्रीकांनी त्याचा 'सत्रप' केला, तो इंग्रजीतही आहे. आपल्याकडे 'क्षत्रप'. पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या शकांनी हीच पदवी लावली. त्यांच्यातला नहपान. गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला हरवलं आणि त्याच्याच नाण्यांवर आपले ठसे मारले. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यातली दोन तृतीयांश अशी दुहेरी ठशांची होती. शाहच्या घराण्यातल्या पदवीवाल्याला दिलेली ही मात.

पण मला सांगायचंय ते पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्याबद्दल. तिथे नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेणं भिक्खूंना दान दिलं आणि त्यांच्या खर्चासाठी ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनातल्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, कायमचे ठेवले. कुठल्या श्रेणी? कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना त्यातून प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवलं, असंही लेखात आहे.

तेव्हा उंटताई, तुमच्या आईच्या वाक्यातलं सगळं त्या एका भिंतीवर आहे. कापड आहे, ठेवीचे पैसे आहेत, आणि ताडून बघायला फलकावर नोंद आहे. वर क्षत्रप आहे. फक्त चेक हा शब्द नाही, तो अजून इराणात राजवाड्यात होता.

उंटाची चाल

अंगावर काटा आला. पांडवलेणं मी शाळेच्या सहलीत पाहिलंय. लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे डबा माकडाने नेला.

आईला काल सगळा धागा वाचून दाखवला. शाह, स्काकुस, एक्सचेकर, जळलेलं पार्लमेंट, सगळं. ती शेंगा सोलत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ते असू दे. सोसायटीची पावती आणलीस का?" नव्हती आणली.

निवृत्त रोखपाल

आईसाहेब बँकेत हव्या होत्या.

गोदाकाठ, तुमचा लेख जुन्या सवयीने ताडून पाहिला. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खू गुणिले बारा, २४०. पै न पै जुळते. दुसऱ्या हजाराचे पाऊण टक्क्याने महिन्याला साडेसात, वर्षाला ९०. त्या नव्वदाचं काय केलं ते तुम्ही लिहिलं नाहीत.

गोदाकाठ

काका, ते इतर खर्चासाठी आहे एवढं समजतं. त्या ओळीतल्या नेमक्या शब्दावर अभ्यासकांत वाद आहेत, म्हणून गाळलं. रविवारी लेण्यावर जाणार आहे, त्या ओळीचा फोटो टाकते. विहीरदादा, वाचायला तयार राहा.